ससा उडी मंडळ, नवागाम

मी जे सांगणार आहे ते सगळं असंच घडलं, असं छातीठोकपणे मी म्हणणार नाही. आयुष्यभर रंगांच्या प्रयोगशाळेत काम केलं, त्यामुळे दोनदा तपासल्याशिवाय बोलायची सवय नाही आणि आठवणी काही दोनदा तपासता येत नाहीत. आमच्या घरी ते खातं कुमुदकडे, म्हणजे माझ्या बायकोकडे आहे. मी तोंड उघडलं की पहिल्याच वाक्याला ती म्हणते, "असं नव्हतं हो!"

तरी सांगतो. सुरतेत राहिलेल्या माणसाच्या घरी दोन गोष्टी आपोआप साठत जातात, साड्यांचे कटपीस आणि किस्से. एकाचाही धड पूर्ण कपडा होत नाही, पण टाकवतही नाही. ससा उडी मंडळाचं माझं गाठोडं बरंच मोठं आहे.

*

पलसाण्याला कापड रंगवायच्या एका कारखान्यात मी लॅबचा प्रमुख होतो. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर तिथे नवं मशीन बसवायला योहान नावाचा एक स्वीडिश इंजिनिअर आला. जेवणाच्या सुट्टीत तो घरचे फोटो दाखवायचा. एका फोटोत त्याची मुलगी हातात दोरी धरून पळतेय आणि दोरीच्या टोकाला एक ससा छोट्याशा अडथळ्यावरून हवेत! त्यांच्याकडे म्हणे या खेळाचे क्लब असतात, स्पर्धा होतात, बक्षिसं मिळतात.

आमच्याकडे छपाईचे रंग जिथे कालवतात त्या खोलीला सगळे 'कलर किचन' म्हणायचे. तिथला मुख्य माणूस भगवान पाटील, धुळ्याकडचा. त्याने फोटो उलटसुलट करून बघितला.

"साहेब, ससा उडी मारतो यात खेळ काय? तो मारतोच की! सरळ चालून दाखवला तर खेळ!"

मी योहानला भाषांतर करून सांगितलं. तो हसला आणि म्हणाला, उडी मारणं अवघड नाही, आपण सांगू तेव्हा मारणं अवघड आहे.

भगवानने फोटो परत दिला. "मग आमच्या घरी हे जमायचं नाही. तिथे सांगितल्यावर ऐकणारा मी एकटाच!"

*

भगवानच्या घरी खरोखरच ससे होते. नवागामला छगनकाकांच्या चाळीत तो राहायचा. शेवटची खोली, भिंतीला भिंत लावून छगनकाकांचे लूम, म्हणजे यंत्रमाग. दिवसभर खट-खट-खटाक, खट-खट-खटाक! मी कधी गेलो तर चहा पिईपर्यंत माझं डोकं दुखायला लागे. विमलवहिनी, म्हणजे भगवानची बायको, म्हणायची, "आम्हाला ऐकूच येत नाही भाऊ आता." त्या आवाजातच तिने सशांची एक जोडी आणून वाढवली, आणि जोडीचं पुढे काय होतं ते सर्वांना माहीत आहे.

पण ती प्लेगनंतरची वर्षं होती. दात असलेल्या कुठल्याही लहान प्राण्याकडे अख्खं सुरत संशयाने बघत होतं. छगनकाका दारात येऊन उभे राहिले. "पाटील, आ ससलां काढो. उंदर मोटो थाय एटले ससलुं!"

मी नेमका तिथे होतो. शिकलेल्या माणसाने अशा वेळी गप्प बसू नये असं मला वाटलं. शास्त्राप्रमाणे ससा हा उंदराच्या कुळातला नाहीच, हे मी त्यांना शांतपणे, उदाहरणं देऊन समजावलं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "डॉक्टर, दांत तो छे ने?"

माझी पीएच.डी. तिथे संपली.

"गाय दूध आपे, कूतरो चोकी करे. आ शुं करे?" छगनकाकांनी विचारलं.

विमलवहिनीने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि सरळ सांगून टाकलं, "काका, हे उडी मारतात. फॉरेनला याचा खेळ असतो."

"तो देखाडो! देव दिवाळी सुधी आखी चालने देखाडो. नहीं तो कडोदरावाळो लई जशे."

म्हणजे मुदत देव दिवाळीपर्यंतची, आणि परीक्षा अख्ख्या चाळीसमोर. कडोदऱ्याचा तो माणूस पिंजरे घेऊन फिरायचा. तो सशांचं काय करतो हे कोणी विचारत नसे. सगळ्यांना ठाऊक होतं.

*

दुसऱ्या दिवशी भगवान कामावर आला तो डब्याशिवाय. विमलवहिनीने चूल पेटवली नव्हती.

"साहेब, क्लब काढावाच लागेल. नाहीतर ससे राहतील की नाही माहीत नाही, मी नक्की जाणार!"

अध्यक्ष मला केलं. मी घाबरून म्हटलं, "अरे, मला सशांमधलं काही कळत नाही."

"म्हणूनच अध्यक्ष, साहेब. कळणाऱ्याला काम करावं लागतं!"

*

मंडळाची पाटी भगवानने स्वतः रंगवली. कलर किचनचा माणूस, रंगाला काय कमी! 'ससा उडी मंडळ, नवागाम.' पाटी लागताच गल्लीतली चार मंडळी चौकशीला आली. आपल्या लोकांना मंडळ म्हटलं की एकच गोष्ट सुचते.

"मूर्ती किती फुटी?"

"मूर्ती नाही हो. ससे आहेत," भगवान म्हणाला.

"हां हां, देखावा सशांचा! छान. पण मूर्ती किती फुटी?"

*

त्या जोडीच्या पोटचे, उडीसाठी निवडलेले चारही ससे पांढरेशुभ्र, एकासारखा एक. काल सराव केलेला कोणता आणि आज उचललेला कोणता, काही पत्ता लागेना. हा प्रश्न मात्र माझ्या विषयातला होता. मिठाईवाल्याकडचा खायचा रंग आणून मी प्रत्येकाच्या कानाच्या टोकाला एकेक रंग लावला. नावंही साड्यांच्या रंगांवरून ठेवली, राणी, रामा, मोरपंखी आणि बदामी. मोठ्या समाधानाने घरी गेलो.

ससे एकमेकांना चाटतात, हे कोणत्याही पुस्तकात सापडलं असतं. मी बघितलं नव्हतं. सकाळी गेलो तर चौघांचे आठही कान एकाच रंगाचे, मळकट मेंदीसारखे.

भगवान वाकून, डोळे बारीक करून बघत होता. कापडाचा नमुना बघतो तसाच. मग म्हणाला, "साहेब, शेड काय मॅच झालीय! एका लॉटमध्ये एवढी आपल्याला कधी जमली नाही!"

पुढे आम्ही गळ्यात साडीची लेस बांधून बघितली. वेगवेगळ्या रंगांच्या चार गळपट्ट्या. त्या त्यांनी खाल्ल्या. शेवटी विमलवहिनीने सोपा नियम केला, जी उडी मारेल ती राणी!

*

पण उडी कोण मारणार? कापडाचे ताके ज्या पुठ्ठ्याच्या नळ्यांवर गुंडाळतात त्या नळ्या आडव्या ठेवून आम्ही अडथळे केले. ससे त्यांच्याजवळ जात, वास घेत आणि कुरतडायला बसत. अडथळ्याची उंची रोज आपोआप कमी व्हायची!

लहान प्राणी नकलेने शिकतात असं मी कुठेतरी वाचलं होतं. (कुठे, ते आता आठवत नाही. कदाचित ते माकडांबद्दल असेल.) म्हणून एका रविवारी त्यांतल्या एकीला, उडी मारेलच या भरवशावर राणी ठरवून, मी आमच्या घराच्या अंगणात समोर आणून बसवलं, धोतर खोचलं आणि दोन्ही पाय जुळवून नळीवरून उडी मारून दाखवली. राणी बघत राहिली. मी परत मारली. कुमुद म्हणते, धोतर नव्हतं, पायजमा होता. असेल.

तिसऱ्या उडीला मी हवेत असताना फाटक वाजलं. आमच्या स्वातीला बघायला जळगावची मंडळी येणार होती, ती दुपारी येणार होती, ती सकाळीच आली!

मी उतरलो. मुलाचे वडील पुढे आले, त्यांनी नळीकडे बघितलं, राणीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग चपला काढल्या.

"उंची थोडी वाढवा," ते म्हणाले, आणि त्यांनीही एक मारली.

लग्न आत चहा होण्यापूर्वीच ठरलं. स्वाती अजून सांगते की तिला कोणी काही विचारलंच नाही, सगळे सशाबद्दलच बोलत होते.

*

राणीने पहिली उडी मारली ती नवागामलाच, चाळीच्या मागच्या मोकळ्या जागेत. संध्याकाळची वेळ, भिंतीपलीकडे सगळे लूम जोरात. ती नळीपाशी आली, थांबली, कान उभे केले आणि टुणकन पलीकडे! लगेच दुसरी नळी, लगेच तिसरी! विमलवहिनी काहीतरी ओरडली. भगवानही ओरडला. मीही ओरडलो असणार. लूमच्या आवाजात कोणाचं कोणाला ऐकू येईना, म्हणून आम्ही तिघं नुसतीच तोंडं उघडी टाकून नाचलो.

त्यानंतर ती रोज उडी मारू लागली. आम्ही म्हणायचो, राणी शिकली.

*

देव दिवाळी जवळ आली. स्पर्धा कधी घ्यायची, यावर आमची एकच बैठक झाली आणि एकमत व्हायला वेळ लागला नाही. आठवड्यातून एक दिवस त्या भागाची वीज बंद असायची. लूम थांबायचे, चाळ घरी असायची. सुट्टीच्या दिवशी न ठेवता कामाच्या दिवशी स्पर्धा कोण ठेवील? आम्ही सगळे कारखान्यातली माणसं. सुट्टीचा दिवस सोडून दुसरा दिवस कोणाच्या मनातसुद्धा आला नाही.

अख्खी चाळ जमली. बायका ओट्यांवर, पुरुष भिंतीला टेकून. मधोमध खुर्चीत छगनकाका, मांडीवर घरून आणलेलं स्टीलचं ताट, त्यात खमण. कुमुदचं म्हणणं, खमण नव्हतं, लोचो होता, म्हणजे खमणाचाच तो पातळसर सुरती भाऊ. यावरून आमचं आजवर भांडण आहे. खुर्चीमागे कडोदऱ्याचा माणूस, रिकाम्या पिंजऱ्यासकट.

रामा, मोरपंखी आणि बदामी यांनी उड्या मारल्या नाहीत, ते अपेक्षितच होतं. त्यांनी तीन नळ्या तेवढ्या कुरतडल्या.

मग विमलवहिनीने राणीला आणलं. दोरी हातात धरली. राणी पहिल्या नळीपाशी आली आणि बसली.

"चल वं माय!"

राणी बसून राहिली. नुसती नाही, पोट जमिनीला टेकवून, कान पाठीवर पाडून. थरथरत होती.

"उठ वं, उठ ना माय!"

मी अध्यक्ष होतो. पुढे होऊन उडी मारून दाखवावी की काय, इथपर्यंत माझी तयारी झाली होती. इतकी शांतता मी नवागाममध्ये कधी ऐकली नव्हती. कडोदऱ्याच्या माणसाने पिंजरा खाली ठेवला आणि त्याचं दार उघडलं. त्या दाराची करकर सगळ्या चाळीला ऐकू गेली. विमलवहिनी दोरी हातात तशीच धरून मटकन खाली बसली, राणीच्या शेजारी.

आणि कुठून तरी आवाज आला.

खट-खट-खटाक.

राणीचा एक कान उठला.

खट-खट-खटाक. खट-खट-खटाक!

भगवान माझ्याकडे बघायला लागला, मी भगवानकडे. दोघांच्या डोक्यात एकदमच प्रकाश पडला. हे ससे जन्मल्यापासून त्या आवाजात वाढले होते! भगवान धावत जाऊन घरातून पातेलं आणि झारा घेऊन आला. मग एकेक ओटा सुरू झाला. ताटल्या, डबे, कड्या, दारं! लूमवरची माणसं ती, ताल त्यांना शिकवायला नको. शंभर हातांनी एक लूम चालू झाला! कुमुद आमच्या स्कूटरच्या डिकीवर बडवत होती. (हे ती मान्य करते.) कडोदऱ्याचा माणूससुद्धा पिंजऱ्याच्या दारावर ठेका धरून होता!

राणी उठली. पहिली नळी, दुसरी, तिसरी. विमलवहिनी तिच्यामागे अनवाणी पळतेय, पदर कुठल्या कुठे! शेवटची नळीही झाली, तरी राणी थांबेना. समोर पिंजरा होता. तिने तो दार उघडं असलेला पिंजराच उडी मारून पार केला!

चाळीने जे केलं त्याला ओरडणं म्हणत नाहीत, पण दुसरा शब्द मला माहीत नाही.

छगनकाका उठले, धोतर झटकलं आणि विमलवहिनीला एवढंच म्हणाले, "रहेवा दो." आणि ताट काखेत मारून घरी गेले. ससे राहिले.

*

पहिला खटाक कोणाचा, यावर पुढे वर्षानुवर्षं वाद झाले. भगवान म्हणे, माझा. ओट्यावरच्या प्रत्येक बाईचं म्हणणं, माझा. मी एकदा भीतभीत म्हणालो, मला वाटतं आवाज छगनकाकांच्या खुर्चीकडून आला होता आणि खुर्चीखाली खमण सांडलेलं होतं. सगळे इतके हसले की मलाही वाटलं, आपलंच काहीतरी चुकत असेल.

निवृत्तीनंतर बऱ्याच वर्षांनी मी आणि कुमुद छगनकाकांना भेटायला गेलो. लूम त्यांनी विकले होते. काका खिडकीपाशी बसून होते, बोलणं कमी झालं होतं. काकींनी आमच्यासमोर एका स्टीलच्या ताटात खायला आणून ठेवलं. मी चमचा लावला की ताट टेबलावर डुगडुगायचं. खट, खट.

मी ताट जरा उचलून खालून बघितलं. बूड चेपून चेपून पार खडबडीत झालं होतं.

काकी हसल्या. "ए तो पेला ससलांवाळा दिवसनी थाळी. भंगारमां आपवा ज नथी देता!"

त्याच दिवसाची थाळी, आणि ती भंगारात देऊ न देणारे काका! मी त्यांच्याकडे बघितलं. काका खिडकीबाहेर बघत होते.

पहिला खटाक कोणाचा, एवढं खात्रीने कळल्यावर मला राहवलं नाही. मी विचारलं, "काकी, त्या दिवशी यात खमण होतं ना?"

"ना रे! लोचो हतो."

कुमुदने ताट स्वतःकडे ओढून घेतलं.