बूनचा भात कधी येणार?

आमच्या किचनमधले किस्से जमवावे लागत नाहीत यार, ते तेलाच्या वासासारखे शर्टाला चिकटून घरी येतात. मयूर विहारला घरी पोचलो की आई शर्ट बादलीत टाकते आणि विचारते, "आज काय झालं?" झालं, मी सुरू! बाबा टीव्हीचा आवाज वाढवतात, पण माझा किस्सा रंगात आला की हळूच म्यूट करतात.

आधी मेंबर सांगतो. नोएडातलं एक थाई रेस्टॉरंट. मालक भसीन सर. वोकवर नेगीभाई, गढवालचे. वेटर गौरव, मेरठचा. भात आणि करी नोईताईकडे, ती अस्सल थायलंडची. आणि मी सुमेध. अकरावीत गणिताने मला सोडलं, मग मी शाळा सोडली. आता ओपन स्कूलचं चाललंय म्हणे. बाकी वेळ लसूण सोलतो.

*

नोईताई मला भेटली आमच्या विहारात, बुद्धपौर्णिमेच्या जेवणाला. पोट फुल झालेलं, म्हणून मी उरलेला भात गुपचूप डस्टबिनकडे नेत होतो. मागून कुणीतरी मनगट पकडलं. बघतो तर अनोळखी बाई.

"ये चावल किसने उगाया, मालूम?"

मी म्हटलं, "मालूम नहीं आंटी, केटररवाले भैया लाए हैं."

तिने मला खाली बसवलं आणि शेवटचं शीत संपेपर्यंत समोर बसून राहिली. मग आईला विचारलं, हा मुलगा काय करतो? आई म्हणाली, बिल्कुल काहीच नाही. सोमवारी तिच्या किचनमध्ये माझ्यासमोर लसणाचं पोतं होतं!

*

गौरव नवीन होता तेव्हा मी त्याला एकदम सीरियस तोंडाने सांगितलं की थाई किचनचा रूल आहे, राइस कुकरचं झाकण उघडायच्या आधी हात जोडून मान झुकवायची. नाहीतर नोई दीदी नोकरीवरून काढते.

भोळा गडी! आठवडाभर कुकरला नमस्कार घालत होता. मी आणि नेगीभाई फ्रीजमागे लपून पोट धरून हसायचो.

एक दिवस नोईताईने पाहिलं. आम्हाला वाटलं, आता मजा. ती त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली, स्वतः हात जोडले, मान झुकवली. मग म्हणाली की तिची आई असंच करायची, भाताची देवी असते त्यांच्याकडे. आणि आमच्याकडे वळून बोलली, "तुम दोनों क्यों नहीं करता?"

तेव्हापासून आम्ही पण करतो. गौरव फ्रीजमागे उभा राहून हसतो.

*

तीन वाजता, लंच आवरलं की नोईताईच्या भावाचा व्हिडिओ कॉल येतो. त्याचं नाव बून. फोन सॉसच्या बाटलीला टेकवायचा आणि सगळ्यांनी भोवती बसायचं. बून शेतातून बोलतो, मागे म्हैस. मला थाई एकच वाक्य येतं, ते म्हणजे "भात खाल्लास का?" तिकडे नमस्कारासारखं हेच विचारतात. मी विचारतो, बून हसतो, मग तो आम्हाला हिंदीत तेच विचारतो. नोईताईने शिकवलंय. "सर, खाना खाया?" त्याच्यासाठी आम्ही सगळेच सर!

एका कॉलला मात्र बून हसला नाही. बराच वेळ दोघं बोलले. फोन ठेवून नोईताईने सांगितलं की तिकडे भाताचा भाव एकदम पडलाय. खत महाग, डिझेल महाग, आणि विकायला गेलं की घातलेलंही निघत नाही. का पडला? तर इंडियाने आपला तांदूळ पुन्हा बाहेर पाठवायला सुरुवात केली, बाजारात तांदूळच तांदूळ.

आम्ही तिघं इंडियावाले एकमेकांकडे बघायला लागलो. नेगीभाईंनी पळी खाली ठेवून हात जोडले, "सॉरी बहन."

मी म्हटलं, "ताई, आईशप्पथ, मी नाही पाठवला. मी तर खालच्या दुकानातून पण आणत नाही."

ती हसली. पण मग सांगितलं की बून यंदा भात लावणार नाही. जमीन ऊसवाल्याला देऊन तो शहरात डिलिव्हरीची बाइक चालवणार. घर शेतातच आहे, ते पण जाणार. "फिर मैं छुट्टी में किधर जाएगा?" एवढंच बोलली.

त्यानंतर बरेच दिवस तिच्या करीला चवच नव्हती. नेगीभाई गुपचूप मीठ टाकायचे.

*

आता भसीन सरांचं ऐका. थाई तांदूळ त्यांना महाग वाटायला लागला. एक दिवस आले आणि म्हणाले, पोती थाईच राहू द्या, आत आपलाच तांदूळ भरा, खाणाऱ्याला काय कळतंय! त्या दिवसापासून नोईताई कुकरला नमस्कार करायची बंद झाली. तिचं बघून आम्ही पण.

आणि मग आली किटी पार्टी!

सेक्टरमधल्या पंधरा-वीस आंट्या, लंचला. भसीन सर कडक शर्टात. भाताचं भांडं टेबलावर ठेवलं आणि भाषण सुरू. हा राइस सुपरमार्केटचा नाही जी, आमच्या शेफच्या सख्ख्या भावाच्या शेतातला आहे, डायरेक्ट थायलंड! आंट्या रील काढायला लागल्या.

माझ्या अंगात आलं यार. मी ट्रे खाली ठेवला आणि म्हटलं, "मॅडम, त्या भावाला लाइव्ह बघायचंय?"

सर माझ्याकडे असे बघत होते की मी उद्या नसणारच. पण आंट्या ओरडल्या, हां हां, दिखाओ! गौरवने नोईताईच्या फोनवरून कॉल लावून तो मॅचवाल्या मोठ्या टीव्हीला जोडला. आणि भिंतभर बून! अंगात बनियन, मागे म्हैस. एवढ्या बायका बघून बिचारा शर्ट शोधायला पळाला.

नोईताईला किचनमधून ओढून आणलं. एक आंटी वाटी उंच धरून म्हणाली, "भैया, आपका चावल बहुत अच्छा है!"

नोईताईने थाईत सांगितलं. बूनने डोकं खाजवलं, काहीतरी बोलला. नोईताई सगळ्यांकडे बघून म्हणाली, "वो बोलता, कौन सा चावल? मैंने तो लगाया ही नहीं."

आंटीची वाटी तशीच वर. सगळे फोन भसीन सरांकडे वळले, रेकॉर्डिंग चालू!

सरांना घाम फुटला. "लगाएगा जी, बिल्कुल लगाएगा! ये पुराना स्टॉक है. नोई, इसको बोलो, लगाओ! सारा मैं लूँगा!"

टाळ्या!

नोईताई टीव्हीकडे वळली. सर चार शब्द बोलले होते. ती बोलतच राहिली, बोलतच राहिली. मध्ये एकदा सरांकडे बोट दाखवलं, एकदा आंट्यांकडे, एकदा वाटीकडे. बून आधी मान हलवून नाही म्हणत होता. मग म्हशीकडे बघत बसला.

मी विचारलं, "ताई, काय सांगितलंस एवढं?"

"जो सर बोला."

*

त्यानंतर आंट्यांची रील भरपूर फिरली. रोज कुणीतरी काउंटरला फोन करून विचारतं, बून का चावल कब आएगा? सर प्रत्येकाला सांगतात, आने वाला है जी, आने वाला है. आणि फोन ठेवला की माझ्याकडे बघतात.

बूनचे कॉल मात्र बंद झाले. तीन वाजले की नोईताई फोन बाटलीला टेकवून बसायची, आम्ही पण बसायचो, आणि काहीच वाजायचं नाही.

गेल्या मंगळवारी वाजला.

बून गुडघाभर चिखलात. त्याने फोन गोल फिरवला, सगळीकडे पाणी आणि पाण्यात हिरवी हिरवी रोपं, एका ओळीत. बांधावर गावातली माणसं उभी, चांगले कपडे घालून. बून बोलला, नोईताईने सांगितलं, "सर को देखने आया है."

सर कोल्ड रूममध्ये जाऊन स्टाफच्या जेवणाची भेंडी चेक करत होते. आमच्या मेन्यूत भेंडीच नाही! नेगीभाईंनी दार उघडून त्यांना बाहेर आणलं. बांधावरच्या सगळ्यांनी त्यांना हात जोडले. सरांनी पण जोडले. हातात एक भेंडी तशीच.

मग हळूच विचारलं, "नोई, तूने उस दिन इनको क्या बोला था?"

नोईताईने उठून कुकरसमोर हात जोडले, कितीतरी दिवसांनी. झाकण उघडलं, एक ताट वाढलं आणि सरांसमोर ठेवलं.

"सर, खाना खाया?"