सहा हातांचा चुडा

सोनाळ्यात बिलकिसबी मनियारीण ठाऊक नाही असा माणूस सापडायचा नाही. नवरा गेला तेव्हा त्याची बांगड्यांची टोपली घरात पडून होती, ती हिनं डोक्यावर घेतली आणि गावोगाव फिरायला लागली. पोरगा शाकिर चिखलीत कापडाच्या दुकानात आहे. तो दर ईदला म्हणतो, "अम्मी, आता बसून खा." बसून खाईल ती बिलकिस कसली! बसली तर गावातल्या भानगडी तिला कोण सांगणार?

बांगड्या भरायला बसली की ती बाईचा हात हातात घेते आणि त्या हाताबरोबर घरातली सगळी हकिगत काढून घेते. "हात सैल सोड वं, मी का खाऊन राह्यली तुले?" असं म्हणत, सासूची एखादी नक्कल करत, घट्ट बांगडी पंजावरून अशी चढवते की बाईला हसण्याच्या नादात कळतसुद्धा नाही. ती स्वतः विधवा, पण दोन्ही हात बांगड्यांनी भरलेले. कुणी टोकलंच तर म्हणते, "हे माह्यं दुकान हाय बापा. दुकान कोणी बंद ठेवते का?"

तिचा एकच नियम, आणि तो ती ज्याला त्याला ऐकवते. बिलकिसपुढे आलेला हात रिकामा जात नाही. एक हात भरला की दुसरा भरायचाच. अर्धा चुडा घेऊन बाईनं उठायचं नाही, आणि भरणारीनं तर नाहीच नाही, मोठा अपशकुन. एकदा टुनकीला बांगड्या भरता भरता सासू-सुनेचं पेटलं आणि सून एकाच हातात बांगड्या घालून तरातरा माहेरी निघाली. ही टोपली घेऊन तिच्यामागे थेट एसटीपर्यंत गेली आणि बसच्या पायरीवर बसून दुसरा हात भरला. कंडक्टर घंटी मारायची विसरून बघत राहिला होता.

मागच्या हिवाळ्यात रुखमाबाईच्या लेकीचं, प्रेरणाचं, लग्न निघालं. रुखमाबाई म्हणजे बिलकिसची जुनी मैत्रीण, सोनाळ्याच्याच शेतकरी घरातली. तिचा लग्नाचा चुडा बिलकिसनंच भरला होता. मग रुखमाबाईचा नवरा वारला. तेव्हापासून बिलकिस तिच्याकडे जायची ती चहापुरती, आणि टोपली बाहेर ओट्यावर ठेवून आत जायची. कुणी सांगितलं नव्हतं, पण रीत होती.

लग्न मोताळ्याला, रुखमाबाईच्या थोरल्या दिरांच्या घरी; नवरी आठ दिवस आधीच तिकडे गेली होती. वामनराव त्यांचं नाव. मोठं घर, मोठी शेती, आवाज त्याहून मोठा. लग्नाच्या आदल्या दिवशी ते स्वतः अकरम ड्रायव्हरची जीप घेऊन सोनाळ्याला आले, नवरीच्या आईला आणि चुडा भरणारीला न्यायला. दिवेलागणीच्या आत चुडा भरून व्हायला पाहिजे होता. जीप गावाबाहेर पडते न पडते तोच वामनराव खाकरले.

"रुखमाबाई, चुडा भरायच्या टायमाले तुमी मंधातल्या खोलीत बसा. चार लोकं येतात, नावं ठेवतात. तुमाले समजतेच."

"हाव, भाऊजी," रुखमाबाई म्हणाली आणि तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले. बिलकिसला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण रीत ती रीत म्हणून तिनं टोपलीचं फडकं घट्ट बांधलं.

उशीर झाला म्हणून अकरमनं जीप डोंगराच्या पायथ्यानं घातली. "लवकर पोचतो," म्हणाला. एका वळणावर धूळ उडाली, आणि धूळ बसते तर समोर रस्ताच नाही! होता तो दरवाजा, हत्ती अंबारीसकट जाईल एवढा. ब्रेक लागेपर्यंत जीप आत शिरली होती, आणि मागं दार धाडकन बंद झालं.

आत गढी होती. कसली गढी! अर्ध्या आभाळात सकाळ, अर्ध्यात संध्याकाळ. खांब उभ्या उभ्या जागा बदलत होते. एक जिना खाली उतरायचा आणि गच्चीवर निघायचा. अकरम खाली उतरला, मान वर करून सगळं नीट पाहिलं आणि म्हणाला, "नेटवर्क नाई."

तेवढ्यात एक निळ्या अंगाचा म्हातारा आला, कान खांद्यापर्यंत लोंबलेले, काखेत बकरी. तो कुठली बोली बोलत होता कोण जाणे, पण ऐकणाऱ्याच्या कानात शिरेपर्यंत तिची वऱ्हाडी होत होती.

"बसा वो. नवीन दिसून राह्यले," म्हातारा म्हणाला. "मी हे बकरी हुडकत आलतो. बकरी सापडली, पन मीच हरवलो. हे गढी दोन दुनियांच्या मंधात हाय. रस्ता चुकला का मानूस इथं येते. मालकीन बंगईवर बसली हाय, खायले प्यायले घालते. ते सोता उठून दारापर्यंत पोचवाले आली, तं दार उघडते. पन ते उठतच नाई. अन् दिवे लागले, का मंग त्या दिवशी काई केल्या दार उघडत नाई."

वामनरावांनी मोताळ्यातली आपली ओळख सांगून पाहिली. दारावर काहीच परिणाम झाला नाही. मग कुणीतरी त्यांच्यापुढे गरम पुरणपोळीचं ताट ठेवलं, आणि शेपट्या असलेले दोन भाऊ शेताच्या बांधाचा, धुऱ्याचा वाद घेऊन त्यांच्यापुढे बसले. शेत तिसऱ्याच दुनियेत होतं. "आधी मोजनी आना," वामनराव तोंडात घास ठेवून म्हणाले, आणि ऐटीत मांडी घालून बसले. त्यांचं काही बिघडलं नव्हतं.

बिघडलं होतं ते रुखमाबाईचं. ती पायरीवर बसून रडत होती.

"मंधातल्या खोलीत त मंधातल्या खोलीत," ती म्हणाली. "भिंतीआडून पोरीच्या बांगड्याचा आवाज त आला असता बिलकिस. तेवढ्यासाठी जाऊन राह्यली होती मी. आता तेबी गेलं. अन् तू इथं अडकली, तं पोरगी बिनचुड्याची उभी राहील."

ते ऐकून बिलकिसचं काळीज तुटलं. आणि काळीज तुटलं की तिला राग येतो, हा तिचा स्वभावच. तिनं टोपली उचलली. "कोन हाय ते मालकीन, पायतेच मी," म्हणाली आणि तडक दिवाणखान्यात गेली.

मालकीण मोठ्या पितळी कड्यांच्या बंगईवर झोके घेत होती. तिला सहा हात होते. दोन हातांनी कड्या धरलेल्या, दोन हात सीताफळ सोलतायत, आणि दोन नुसतेच मांडीवर. बिलकिस जागीच थांबली. या अल्ला, सहा हात! आजवर एवढं गिऱ्हाईक एकाच अंगावर तिनं पाहिलं नव्हतं.

"माय वं!" ती कंबरेवर हात ठेवून म्हणाली. "सहा सहा हात, अन् एकातबी बांगडी नाई? घरात कोनी सांगनारं हाय का नाई?"

"बांगडी म्हंजे काय?" मालकिणीनं विचारलं. आजवर आलेला प्रत्येकजण तिच्याकडे दार उघडायची भीक मागायचा. तिच्या हातांची चौकशी कुणी केली नव्हती.

बिलकिस खाली बसली आणि टोपलीचं फडकं बाजूला केलं. हिरव्यागार बांगड्या पाहून बंगईचा झोका हळू झाला. बिलकिसनं पहिला हात धरला, हात सैल सोडायला सांगितला, आणि तोंडाचा पट्टा सुरू केला. टुनकीच्या सासूची नक्कल झाली, मग वामनराव कसे खाकरतात ते झालं. मालकीण अशी हसली की खांब थरथरले. आपला नियमही बिलकिसनं तिला दोनदा ऐकवला, की माझ्यापुढे आलेला हात रिकामा जात नाही, आणि अर्धा चुडा कुणी ठेवत नाही. पाच हात भरून झाले. मग तिनं सहावा हात धरला, बोटं दाबून पाहिली आणि तोंड एवढंसं केलं.

"बाई, घोटाळा झाला. ह्या हाताचं माप लहान हाय. लहान मापाच्या जीपमधी राह्यल्या, दाराजवळ."

"कोनीतरी आनून देईल."

"पह्यला चुडा हाय तुमचा! दुसऱ्यानं आनलेली बांगडी चालत नाई. जिचा हात तिनंच जा लागते." हे धादांत खोटं होतं. लहान मापाच्या बांगड्या टोपलीच्या तळाशीच होत्या, आणि बिलकिस त्यांच्यावर कोपर टेकून बसली होती.

मालकिणीनं भरलेले पाच हात हलवून पाहिले, रिकाम्या सहाव्याकडे पाहिलं. तो हात आता तिला सोसवेना. आणि ती उठली! भटकणारे खांब जिथल्या तिथे उभे राहिले. निळा म्हातारा बकरीला घट्ट धरून मागे निघाला, शेपटीवाले भाऊ निघाले, आणि ताट अर्धं टाकून वामनरावही निघाले.

ती दाराजवळ पोचली आणि दार उघडलं. ज्याला त्याला आपापला रस्ता दिसला. म्हाताऱ्याआधी बकरीच उडी मारून पळाली. अकरमला जळगाव जामोदकडे जाणारा डांबरी रस्ता दिसला, त्यानं जीप सुरू केली. "चाला वो, चाला!" तो ओरडला.

मालकिणीनं बिलकिसकडे पाहिलं. "तू मले फसवून दारापर्यंत आनलं."

"हाव, फसवलं," बिलकिस म्हणाली. "पोरीचा चुडा हाय बाई, काय करू? पन तुमचा हात भरल्याबिगर जानार नाई मी. आना इकडे." आणि तिनं टोपलीच्या तळातून लहान मापाच्या बांगड्या काढल्या.

मालकिणीनं सहावा हात मागे घेतला आणि जीपजवळ उभ्या रुखमाबाईकडे बोट केलं. "तिच्या पदराखाली काय हाय?"

"हात हायत."

"भरलेले?"

"तिचं तसं नाई बाई," बिलकिस चाचरली. "तिचा मालक वारला."

"मंग जाताना हात घेऊन गेला का?"

बिलकिसनं वळून रुखमाबाईच्या पदराकडे पाहिलं.

"माह्यापुढं आलेला हात रिकामा जात नाई, असं तूच सांगत होती," मालकीण म्हणाली. "ते दोन हात तुह्यापुढं किती वर्षापासून हायत? आधी ते भर, मंग माहा भर, मंगच जीप जाईल. मी उंबरठ्यावर उभी हाय, दिवे लागत नाई तोवर दार उघडं हाय." दोन्ही बाजूंच्या कोनाड्यांत पणत्यांच्या वाती आपोआप लाल व्हायला लागल्या होत्या.

"असं कसं?" वामनराव गरजले. "आपल्यात असं चालत नाई! विधवा बाईनं..." तेवढ्यात त्यांची नजर पणत्यांवर गेली. एका वातीतून धूर निघाला. वामनरावांचा आवाज एकदम चिरकला. "अवो भरा ना लवकर! दिवा लागून राह्यला! भरा म्हन्तो ना मी!"

बिलकिसनं रुखमाबाईचा हात ओढला नाही. ती समोर जाऊन बसली. "रुखमा, तुह्यी मर्जी असन तरच. नाईतर आपन दोघी इथं राहू, मी तुले सोडून जात नाई."

रुखमाबाईनं दोन्ही हात पदराबाहेर काढले आणि पुढे केले. शेतीच्या कामानं कडक झालेले, नखांत माती मुरलेले हात. बिलकिसनं माप विचारलं नाही, ते तिला पाठ होतं. नक्कल सुचली नाही, हसवणं सुचलं नाही. ती ढसाढसा रडत होती आणि बांगड्या चढवत होती.

"माफ कर वं मले," ती म्हणाली. "टोपली बाहेर ठेवून तुह्या घरचा चहा पेत होती मी."

दोन्ही हात भरले. मग सहावा हातही भरला. रुखमाबाईनं रीतीप्रमाणे बिलकिसला वाकून नमस्कार केला, ते पाहून मालकिणीनंही सहा हात जोडले. सगळ्या बांगड्या एकदम वाजल्या. जीप दाराबाहेर पडली आणि मागे पणत्या लागल्या. अकरमनं आरशात पाहिलं तर नुसता डोंगर होता.

बाहेर अजून ऊन होतं. मोताळा जवळ आलं तसा वामनरावांचा आवाज परत आला. "रुखमाबाई, आता त्या बांगड्या काढून ठेवा." रुखमाबाई खिडकीबाहेर पाहत राहिली. या वेळी ती "हाव भाऊजी" म्हणाली नाही.

मांडवात बाया जमल्या होत्या. प्रेरणा पाटावर बसलेली. रुखमाबाई जीपमधून उतरली, बांगड्या वाजल्या, आणि मांडवातली कुजबूज थांबली. वामनरावांच्या बायकोनं, सुचितानं, डोळे मोठे केले. "हे काय वो? कोनी भरल्या?"

"मीच," बिलकिस टोपली उतरवत म्हणाली. "अन् भाऊंनी भरायले लावल्या. लवकर भरा, लवकर भरा, म्हनून जीव खाल्ला माहा. विचारा त्याइले."

सगळ्या माना वामनरावांकडे वळल्या. त्यांनी तोंड उघडलं. नाही म्हणावं तर सहा हातांची बाई सांगावी लागणार, बकरी सांगावी लागणार, आणि कोण विश्वास ठेवणार? एक म्हातारी म्हणाली, "धन्य हाय वामनराव तुमची! एवढा मोठा विचार कोन करते?" वामनरावांनी तोंड मिटलं, मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "करा लागते. जमाना बदलला."

प्रेरणा पाटावरून उठली आणि आईला हाताला धरून आपल्या शेजारी बसवलं. बिलकिसपुढे लेकीचा हात रुखमाबाईनंच धरला. चुडा भरून होईपर्यंत दोघी मायलेकी एका डोळ्यानं रडत होत्या आणि एका डोळ्यानं हसत होत्या.

चुडा झाला. एरवी बिलकिस आता टोपली झाकते. पण तिची नजर मधल्या खोलीच्या दाराकडे गेली. तिथे वामनरावांची विधवा बहीण, काजल, दाराआड उभी राहून बघत होती. दर लग्नात ती तिथेच उभी असायची, आणि बिलकिसनं आजवर तिच्याकडे कधी नीट पाहिलंच नव्हतं.

"काजलबाई, तुमी तिथं काऊन उभ्या?" बिलकिसनं हाक मारली. "या इकडे, हात आना."

"बिलकिसबी!" वामनराव खाकरले.

"भाऊ, सुरुवात तुमीच केली," बिलकिस म्हणाली आणि टोपलीतून काजलच्या मापाच्या बांगड्या निवडायला लागली. मग दाराआडून आधी एक हात बाहेर आला.