काट्यावरची घट
ओल्या बारदान्यात गुंडाळलेल्या मेथीचा वास आला की मला बार्शीटाकळीच्या आमच्या शेडमधला भाजी मोजायचा काटा आठवतो. अकोल्याला ऑपरेशन करून माझ्या पोटातली मोठी गाठ काढली होती आणि डॉक्टरांनी ती ट्रेमध्ये ठेवून आमच्या यांना दाखवलीही होती. घरी आल्या आल्या यांनी मला काट्यावर उभं केलं, तर वजन आधीपेक्षा जास्त! पाय सुजलेले, बांगड्या मनगटात रुतलेल्या. "गाठ तं म्या सोताच्या डोयानं पायली," हे म्हणाले, "मंग वजन वाढलं काहून?" सासूबाईंना वाटलं, आत काहीतरी राहून गेलं. डॉक्टर फोनवर म्हणाले की सलाइनचं पाणी अंगात साचलंय, आपोआप उतरेल. यांना ते पटेना. मेथी वजनात भरावी म्हणून तिच्यावर रोज पाणी मारणारा हा माणूस, पण बायकोच्या अंगातल्या पाण्यावर विश्वास ठेवेना. मग रोज सकाळी मेथीच्या आधी मी काट्यावर. मी बरी होतेय की बिघडतेय, मलाच समजेना. एका सकाळी आकडा एकदम खाली आला. बाजारात पोचेस्तोवर भाजी जराशी सुकून घट आली तरी दिवसभर चिडणारे हे, माझी घट पाहून मटकन पोत्यावर बसले आणि त्यांनी गळ्यातल्या दुपट्ट्यात तोंड खुपसलं. खांदे नुसते हलत होते. हसत होते की रडत होते, मला आजही सांगता येणार नाही. "काय झालं जी?" मी विचारलं, तर तोंड न दाखवताच म्हणाले, "उतर आता. मेथी मोजाची हाय."