भिकनची मिशी

जुन्या हॉलिवूडमधल्या काही दिग्दर्शकांनी राजकारणापायी आपल्याच नटांची नावं सरकारला सांगितली, हे काल मोबाईलवर पाहिलं आणि सिल्वासाच्या आमच्या कारखान्यातली नाटकाची तालीम आठवली.

कॅन्टीनमध्ये मिशीच्या गोंदाचा उग्र वास भरला होता. मी नायकाला, धुळ्याच्या भिकनला, मिशी चिकटवत होतो. नाटक बसवणाऱ्या जोशीसाहेबांनी सकाळीच युनियनवाल्यांची नावं मॅनेजरला दिली होती. पहिलं भिकनचं. मला ते ठाऊक होतं.

"भाऊ, शोभते ना?" भिकनने विचारलं.

तेवढ्यात वॉचमन आला. "भिकन, हिसाब ले लो. कल से मत आना."

भिकनने समोर बसलेल्या जोशीसाहेबांकडे वळून पाहिलं.

"मिशी काढून घे रे," साहेब मला म्हणाले, "नव्या नटाला लागेल."

मी ती ओढून काढली. तेव्हा साहेबांची किळस आली होती. आता माझीही येते.