तिरप्या अक्षरातलं नाव

मोहाडीत तहसील कचेरीसमोर माझं टायपिंगचं दुकान आहे. दिवसभर अर्ज आणि प्रतिज्ञापत्रं. त्यांना साधी, उभी, कोरडी अक्षरं चालतात. लग्नसराईत मात्र माझा जीव एका वेगळ्या टाइपात रमतो. उजवीकडे झुकलेला, जाड रेघ भरदार, बारीक रेघ केसाएवढी, टोकांना नाजूक वळणं. आम्ही त्याला नुसतं ‘तिरपा’ म्हणतो. एका खतवाल्याने तो दुकानाच्या पाटीसाठी मागितला, तर मी साफ नाही म्हटलं. युरियाच्या पोत्याला काय नथ घालायची? तिरपा फक्त नवरानवरीच्या नावाला, सोनेरी शाईत. हा नियम मीच केला आणि मीच मोडला.

धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. बाबा गेल्यावर आईने मागावर विणून आम्हा दोघींना वाढवलं. पत्रिकेचा मजकूर मात्र मोठेबाबांनी, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाने, लिहून पाठवला. वर ‘कै.’ लावून बाबांचं नाव, खाली निमंत्रक म्हणून स्वतःचं. आईचं कुठेच नाही. आमच्याकडे विधवेचं नाव पत्रिकेत घालत नाहीत. लोकांच्या कितीतरी पत्रिका मी तशाच टाइप केल्या आणि गप्प बसले. त्याची मला आजही लाज वाटते.

या वेळी मी आईचं नाव घातलं. मोठेबाबा दुकानात आले, खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला आणि कच्चा कागद वाचला.

“हे कायले टाकलं? शुभ कामात असं नाही चालत, बाई.”

“लग्न तिच्या पोरीचं आहे, मोठेबाबा.”

“लोकं काय म्हणतील? टाकतच असशील तं खाली बारीक टाक. कोणाच्या नजरेत नाही आलं पाहिजे.”

भिडेपोटी मी मान डोलावली. निदान शोभा तरी यावी म्हणून आईचं नाव तिरप्यातच ठेवलं, पण बारीक. तिथेच चुकले. तुमसरच्या छापखान्यातून नमुना आला आणि माझं डोकं फिरलं. एवढ्या लहान आकारात केसाएवढ्या रेघा छपाईच्या बारीक जाळीतून कागदावर उतरल्याच नव्हत्या. बहिणीचं नाव झळकत होतं आणि आईचं उंदराने कुरतडल्यासारखं दिसत होतं. छापखानेवाला फोनवर म्हणाला, “साध्या टाइपात टाका नं मॅडम, बारीक येऊन जाईल.” येऊन गेलंही असतं. पण मला राग आला होता, मोठेबाबांपेक्षा जास्त स्वतःचा.

“तिरपाच राहील,” मी म्हटलं, “मोठा करून पाठवते.”

नवरानवरीच्या नावाएवढाच केला. निमंत्रक एकटी आई. मोठेबाबांचं नाव त्याखाली, साध्या टाइपात.

पत्रिका घरी आल्या तेव्हा आईने आपल्या नावावरून सावकाश बोट फिरवलं.

“इतकं मोठं कायले टाकलं वो?”

“बारीक टाकलं तं तुटते, माय.”

तिने ठेवणीतलं लुगडं नेसलं आणि पत्रिकांचा गठ्ठा पिशवीत घातला. “मोठ्या घरची मीच नेऊन देतो,” म्हणाली.

मी मागोमाग गेले. मोठेबाबा ओसरीवर बसले होते. आईने पदर सावरून पत्रिका त्यांच्या पुढ्यात ठेवली. सवयीने त्यांचा हात चष्म्यासाठी खिशाकडे गेला आणि तिथेच थांबला. नाव चष्म्याशिवाय वाचता येत होतं.