आवाज ओळखीचा असला तरी

बँकांमधल्या फसवणुकी शोधणाऱ्या लोकांचीही एक संघटना असते, हे इचोडा गावात प्रतिभामुळे कळलं. आदिलाबादच्या एका बँकेत संशयास्पद व्यवहारांवर डोळा ठेवायचं तिचं काम. संघटनेतल्या बाकीच्या मंडळींना हैदराबादच्या गारेगार सभागृहात एकमेकांना शाली पांघरवण्यातच गोडी. ही बाई मात्र रविवारी गावोगावच्या बुद्धविहारांत जाऊन घसा कोरडा करायची.

इचोड्याच्या विहारात ती म्हणाली होती, "आता चोर आवाजाचीबी नक्कल करून राह्यले. फोनवर माया आवाज आला तरी कापा." पहिल्या रांगेत तिचे शाळेतले अमृतराव गुरुजी मान डोलवत बसले होते. शिष्येचं बोलणं ऐकून त्यांचा ऊर भरून आला होता.

पुढच्याच महिन्यात एका दुपारी तिच्या संगणकावर गुरुजींच्याच खात्याचा इशारा आला. त्यांच्या बायकोच्या, प्रयागबाईंच्या हृदयाच्या, नागपुरात व्हायच्या ऑपरेशनसाठी जमवलेली सगळी पुंजी कुठल्यातरी परक्या खात्याकडे निघाली होती. गुरुजींनी स्वतः नको म्हटल्याशिवाय बँकेला ती अडवता येत नव्हती. तिने फोन लावला.

"गुरुजी, मी प्रतिभा. ते पैसे..."

"आवाज बराबर काढतं रे चोट्ट्या!" गुरुजींनी फोन कापला. पुन्हा लावला, पुन्हा कापला.

मॅनेजरला न विचारता तिने स्कूटी काढली. ट्रकांमधून वाट काढत ती गुरुजींच्या दारात पोचली, तेव्हा ऑफिसातून निरोप आला की पैसे गेले. तक्रार तिने तिथूनच केली. पण अशा तक्रारींचं पुढे काय होतं, हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं?

गुरुजी हसतच बाहेर आले. "जय भीम, पोरी! तुया आवाजात चोराचा फोन आलता. दोनदा कापला मी! पोलिसातल्या साहेबानं आंधीच सांगतलं होतं, खातं धोक्यात हाय, पैसे सरकारी खात्यात टाका, मधात कोणीतरी फोन करून अडवन म्हणून. पुढच्या सभेत माया दाखला दे."

धरणीने पोटात घ्यावं असं तिला वाटलं. "गुरुजी, तो फोन मायाच होता. चोर तो साहेब होता."

गुरुजी मटकन खाटेवर बसले. आतून प्रयागबाईंचा आवाज आला, "नागपूरले कवा निघाचं जी? पिशवी भरून ठेवली म्या."

प्रतिभाने गुरुजींकडे पाहिलं. त्यांनी मान वर केली नाही.

"लोकायले समजावून सांगाचं काम तुय हाय," ते म्हणाले. "जा, तूच सांग तिले."