मुके सर आणि काटेरी अळी

बोलण्यासाठीच नेमलेला आणि तरी न बोलणारा माणूस मी पांढुर्ण्यात एकच पाहिला, आमचे मुके सर. कमी औषधात कीड कशी आवरायची, हे गावोगावच्या शेतकऱ्यांना समजावणं त्यांचं काम. पण बांधावर उकिडवे बसले की असे गप्प व्हायचे, की तिगावहून जाणारी मालगाडीसुद्धा हॉर्न द्यायला ओशाळायची.

मी त्यांच्या हाताखाली नवा, आणि अगदी उलटा. मी पांढुर्ण्यात भाषण सुरू केलं की जाम नदीपलीकडे सावरगावात म्हशी दूध चोरायच्या. सर म्हणायचे, "बापू, तुह्यं तोंड उघडलं का शेतकऱ्याइचे कान बंद होते."

तिगावच्या गुलाबभाऊंनी फवारणीचा पंप पाठीवर घेतला की मागोमाग अख्खं गाव घ्यायचं. एका सकाळी त्यांच्या कपाशीवर काळ्या, काटेरी अळ्या दिसल्या. चेहऱ्यानं थेट दरोडेखोर! भाऊ पंप भरून निघाले. आज गावानं फवारलं असतं, तर आमची हंगामभराची मेहनत मातीत जाणार होती.

मी पोस्टर उघडून ओरडलो, "थांबा! ही ठिपकेवाल्या लाल ढालकिड्याची अळी, आपली मित्र!"

"मित्र तुह्या असन! माह्या कपाशीत घुसून राह्यला तो!"

सर हळूच उठले. "गुलाबभाऊ, पंप नका उतरवू. पण पान कुठून खाऊन राह्यली, तेवढं दाखवा ना मले."

भाऊ वाकले. नाक पानाला टेकलं. एक युग गेलं. माझ्या पोटात वीस भाषणं कुजली. तेवढ्यात अळीनं कपाशीचा रस पिणारा मावा मटकावायला सुरुवात केली.

"अबे! पान नाही, मावा खाऊन राह्यली हे!"

"काय म्हणता!" सर म्हणाले. जन्मभर तोच किडा शिकवलेल्या माणसाचा तो अडाणी चेहरा पाहून मला नाटक कंपनी काढावीशी वाटली.

पंप उतरला. दुपारपर्यंत भाऊ दिसेल त्याला ओढून शेतात नेत होते, आणि सर मागे उभे राहून पहिल्यांदाच ऐकल्यासारखी मान डोलवत होते. त्या दिवशी तिगावात एकही पंप चालला नाही.

परतताना मी धुमसत होतो. "सर, तुम्ही सांगितलं असतं तर दोन मिनिटांत झालं असतं."

"माह्या सांगण्यानं आजचा पंप उतरला असता. उद्या मी थोडीच राहीन तिथं?"

सर निवृत्त होऊन सौसरला गेले. यंदा तिगावच्या सभेत गुलाबभाऊ छाती ठोकून सांगत होते, "हे अळी म्या शोधली!" मी संतापून सरांना फोन लावला. "तुमचं नावसुद्धा घेत नाहीत ते!"

पलीकडून सर खुशीत म्हणाले, "मंग तं पक्के शिकले म्हणायचे."